बोरफाट्याचा चढ

लातूरहून नांदेडकडे निघालात की शहर संपता संपता बोरफाटा लागतो. तिथं नदी नाही, रेल्वेचं फाटक नाही, जमीन ताटासारखी सपाट. तरीही रस्ता एकाएकी वर चढतो आणि लगेच खाली उतरतो. उसाचे ट्रॅक्टर तिथं धापा टाकतात, ट्रकवाले गिअर बदलतात आणि शिवी हासडतात. एकदा एसटीत माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ वैतागून म्हणाले, "कोन्या गाढवानं हा नकाशा काढला असंल?" मी म्हणाले, "मी." पुढं अहमदपूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

मी उदगीरची, लिंगायत, दुकानदाराच्या घरातली. इंजिनिअर झाले, रस्त्यांच्या सरकारी खात्यात लागले आणि लोहा, भोकर, जळकोट असं फिरत फिरत लातुरात उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. बदल्यांची जंत्री वाचण्यात कुणाला रस असेल असं वाटत नाही, तेव्हा ती इथंच संपली. मला सांगायचं आहे ते या चढाबद्दल. आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही, हेही आधीच सांगून टाकते.

रस्ता मोठा करायचा म्हणजे डांबर वाढवायचं, असं लोकांना वाटतं. डांबर ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. शहराच्या कडेचा मोठा रस्ता दोघांचा असतो. एक लांबून येऊन लांब जाणारा आणि एक नुसता इकडून तिकडं ओलांडणारा. पहिल्याला वेग पाहिजे, दुसऱ्याला जीव वाचवायचा असतो. मधोमध दुभाजक घातला की पहिला खूश. दुसऱ्याला मग कुठून आणि कसं सोडायचं, हे ठरवणं म्हणजे आमचं खरं काम. दुभाजकात सोडलेल्या मोकळ्या जागेला आम्ही कट म्हणतो. माझी नोकरीतली निम्मी भांडणं या कटापायी झाली. प्रत्येकाला कट आपल्या दारासमोर हवा असतो आणि शेजाऱ्याच्या दारासमोर नको असतो.

लोह्याकडचा एक धाबेवाला मला कधी विसरता येणार नाही. कट कुठं द्यायचा हे ठरवायला आम्ही त्या त्या ठिकाणी वळणारी वाहनं मोजतो. याला त्याचा सुगावा लागला. मोजणीच्या दिवशी त्याच्या धाब्यापाशी अशी काही वर्दळ, की मला वाटलं जत्रा आहे. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, की तोच तो लाल ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा वळतो आहे, आणि ट्रॉलीत तीच म्हातारी मांडीवर तोच पितळी डबा घेऊन बसली आहे. मी हात करून ट्रॅक्टर थांबवला आणि विचारलं, "मावशी, कुठं निघालात?" ती म्हणाली, "मला काय ठावं माय. जावयानं सांगितलं, बसून राहा. सकाळधरनं फिरूनच राहिले." कट त्याला मिळाला नाही. मावशीला मी धाब्यावर जेवायला बसवलं आणि बिल जावयाच्या नावावर टाकायला सांगितलं.

तर मोजलेल्या या सगळ्या वाहनांचं पुढं मोटारींत रूपांतर होतं. ट्रक म्हणजे अमुक मोटारी, सायकल म्हणजे अर्धी मोटार. बैलगाडीचा मान तर मोटारीपेक्षा कितीतरी मोठा, कारण ती रस्ता जास्त अडवते. मला हे कोष्टक फार आवडायचं. माणसाचा मोठेपणा तो किती अडवतो यावर ठरतो, हे निदान आमच्या खात्यानं लिहून तरी ठेवलं होतं. पण त्या कोष्टकात अंत्ययात्रेला जागा नव्हती. बोरफाट्याला अडलं ते तिथंच.

बोरफाटा हे पूर्वी स्वतंत्र गाव होतं, मग लातूर वाढत वाढत त्याच्या अंगावर आलं. रस्त्याच्या अलीकडं घरं, दुकानं, महादेवाचं देऊळ. पलीकडं शेतं, शाळा आणि लिंगायतांची रुद्रभूमी, म्हणजे आमची दफनाची जागा. मधल्या कटातून सगळे ओलांडायचे आणि दर वर्षी कुणी ना कुणी तिथं मरायचं. कट बंद करा, हे लिहून देणारी मीच होते. दुधाची किटली हातात असलेला माणूस रस्त्यावर पडलेला मी पाहिला आहे, त्यामुळं त्या मताला मी आजही चिकटून आहे. आमच्या म्हणण्यावरून सिमेंटचे मोठाले ठोकळे मांडून कट बुजवला गेला, आणि त्याऐवजी रस्त्याखालून बोगदा करायचं ठरलं. माणसं, सायकली, रिक्षा खालून जातील, भरधाव वाहनं वरून.

बोगद्याचा आराखडा सल्लागार कंपनीकडून आला. स्वच्छ, नेटका, नियमाला धरून. उंची आठ फूट. मी तो टेबलावर पसरला आणि माझा हात त्या आकड्यावरच थांबला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात. कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग, पाठ ताठ. लाकडी बैठकीला बांबू बांधून वर झेंडूची आणि केळीच्या खुंटांची कमान करतात, त्याला विमान म्हणतात, आणि ते विमान खांद्यावर घेऊन भजन म्हणत जातात. माणूस जसा पूजेला बसायचा तसाच मातीत बसतो. माझे वडील गेले तेव्हा उदगीरच्या गल्लीत केबलच्या तारा खाली लोंबत होत्या. एक जण काठीनं त्या तारा वर उचलत विमानाच्या पुढं चालला होता. माझे वडील त्या तारांखालून ताठ गेले. तेव्हा मी रडत होते, पण काठीकडं माझं लक्ष होतं. इंजिनिअरचं असंच असतं.

खांद्याची उंची, बैठक, बसलेला माणूस आणि वर कमान. आठ फुटांत हे बसत नाही, हे सांगायला कागद-पेन्सिलही लागत नाही.

खात्याच्या बैठकीत मी हे मांडलं. सल्लागार कंपनीचे इंजिनिअर सज्जन होते, आवाजही चढवत नसत. ते म्हणाले, "मॅडम, कमान काढता येईल. खांद्याऐवजी हातात धरता येईल. आणि बोगद्यापुरतं थोडं मागं झुकवलं तर? अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न आहे."

मी म्हणाले, "तुमच्या वडिलांना अर्धा मिनिट उलटं धराल का?"

आमचे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, घसा खाकरून म्हणाले, "गाडीवर न्यावं की. आजकाल सगळे नेतात." मी म्हणाले, "ट्रॅक्टरवर ठेवलं तर आणखी उंच होतं, साहेब." मग ते जे इतका वेळ मनात होतं ते बोलले, "हे बघा बाई, तुम्ही त्याच समाजाच्या. लोक म्हणतील, आपल्या लोकांसाठी सरकारी रस्ता वर उचलला."

"आहेच मी त्या समाजाची," मी म्हणाले. "म्हणून मला उंची ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आराखडा काढला, त्यांना कुणी जात विचारली नाही."

या वाक्यापायी फाईल साहेबांच्या टेबलावर पडून राहिली. पण आजही ते मला पाठ आहे, आणि म्हणताना बरं वाटतं.

उंची वाढवायला दोनच मार्ग होते. बोगदा आणखी खोल खणायचा किंवा वरचा रस्ता आणखी उचलायचा. खोल खणला तर आमच्या काळ्या मातीत पावसाळाभर पाणी तुंबणार. मग लोक पुन्हा वरूनच ओलांडणार आणि पुन्हा मरणार. म्हणून रस्ता उचलायचा. मूळ आराखड्यात तो दुकानाच्या ओट्याइतका उचललेला होता. आता तो माणसाच्या डोक्यावर जाणार होता. म्हणजे कडेला भिंत येणार, आणि भिंतीमागं जी दुकानं जाणार त्यांना रस्त्यावरचं गिऱ्हाईक दिसणं बंद होणार. त्यातलं पहिलंच दुकान महालिंगअप्पांचं होतं.

अप्पा बी-बियाणं आणि खताचे व्यापारी. सत्तरी ओलांडलेले, पांढरा सदरा, पांढरी टोपी, दुकानात खुर्च्या असूनही स्वतः गादीवर बसणारे. येणाऱ्या शेतकऱ्याला आधी चहा, मग बियाणं. मी त्यांच्याकडं गेले आणि जे होणार ते लपवाछपवी न करता सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्याडम, आत चला. हिला बी सांगा."

आत त्यांची बायको, गंगाकाकू, अंथरुणाला खिळलेली होती. पाठीचा कणा वाकलेला, आवाज मात्र खणखणीत. मी बोगद्याचं सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"पोरी, म्या जलमभर वाकले बघ. चुलीपुढं वाकले, सासूपुढं वाकले, शेतात वाकले. आता मेल्यावर तरी मला सरळ बसू दे. त्या भोकातून मला वाकवून नेऊ नका."

"न्हाई नेणार काकू," मी म्हणाले. खरं म्हणजे असं वचन द्यायचा मला काहीच अधिकार नव्हता. फाईल साहेबांच्या टेबलावर होती आणि साहेब तिच्याकडं बघतही नव्हते.

गावाची बैठक देवळाच्या मंडपात झाली. व्यापारी माझ्यावर तुटून पडले. धंदा बसणार, लेकराबाळांचं काय, मेलेल्यांसाठी जित्यांना मारता का, असं बरंच काही. त्यांचं चूक नव्हतं. मी तेच म्हणाले, की तुमचं नुकसान होणार आहे आणि ते मी नाकारत नाही. मग अप्पा उठले.

"सगळ्यात आधी माझं दुकान भितीमागं जानार हाय, तवा मला बोलू द्या," ते म्हणाले. "म्या हयातभर गादीवर बसून बी इकलं. कुनाम्होरं आडवा झालो न्हाई. आता शेवटाला चार लोकाच्या खांद्यावर आडवं व्हायचं काय? दुकान पोरं बघतील कुठंतरी. भित घाला म्याडम."

मंडपात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक चपला घालून आपापल्या घरी गेले. पण विरोधाचा अर्ज कुणी दिला नाही.

फाईल तरीही हलली नाही. आणि मग एका सकाळी अप्पांचा फोन आला.

"म्याडम, गंगा गेली. दुपारी काढायचं हाय. डिवायडर बंद हाय. पल्याड कसं न्यावं, ते तेवढं तुमी सांगा."

आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी काहीतरी सरकारी बोलले असते. जवळचा दुसरा कट लातूरच्या अंगाला बराच लांब होता, आणि तिथून उलट्या बाजूनं भरधाव गाड्यांच्या तोंडावर परत यावं लागलं असतं. नाहीतर ठोकळ्यांवरून विमान तिरकं करून पलीकडं द्यायचं. म्हणजे काकूंना वाकवायचं.

मी जीप घेऊन बोरफाट्याला गेले आणि ठेकेदाराच्या माणसाला हायड्रा आणायला सांगितलं. हायड्रा म्हणजे ती छोटी पिवळी क्रेन. तो म्हणाला, "मॅडम, लेखी ऑर्डर?" मी म्हणाले, "मी उभी आहे ना इथं. हीच ऑर्डर समज." त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हायड्रा आणली. माझी माणसं दोन्हीकडं लाल झेंड्या घेऊन उभी राहिली. ठोकळे एकेक करून बाजूला झाले. नांदेडकडून येणारी वाहनं थांबली, लातूरकडून येणारी थांबली. हॉर्न सुरू झाले. एक मोटारवाला काच खाली करून ओरडला, "हे कुणाच्या परवानगीनं?" मी म्हणाले, "माझ्या."

टाळ-मृदंगाचा आवाज आधी आला, मग विमान. काकू हिरव्या लुगड्यात, मळवट भरलेला, कपाळाला भस्म. वाकलेला कणा त्यांनी कसा सरळ बसवला होता कोण जाणे, पण माझ्या ओळखीच्या गंगाकाकू पहिल्यांदाच कुणाच्या तरी वर दिसत होत्या. हॉर्न आपोआप थांबले. एसटीतल्या बायकांनी खिडकीतून हात जोडले.

तेवढ्यात साहेब आले. रस्ता तुंबल्याच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या आणि गाडी पुढं येईना म्हणून ते थांबलेल्या ट्रकांमधून वाट काढत पायीच आले होते. रागानं लाल झालेले. विमान तेव्हा बरोबर रस्त्याच्या मधोमध होतं. त्यांना ही उंची मी किती वेळा सांगितली होती, पण डोळ्यांनी ते पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी मान वर केली. मग तापलेल्या डांबरावर बूट काढून उभे राहिले.

मातीनंतर परतताना ते म्हणाले, "तुम्हाला नोटीस द्यावी लागेल."

"द्या साहेब. बोगद्याचं काय?"

"फाईल माझ्याच टेबलावर आहे. उद्या या."

नोटीस आणि मंजुरी दोन्ही कागदांवर मला त्यांची सही मिळाली, एकाच शाईची. नोटिशीच्या उत्तरात मी लिहिलं, की ठोकळे मी हलवले आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हलवीन. सहकारी म्हणाले, शेवटी एक 'दिलगीर आहे' टाका, सगळं मिटेल. मी टाकलं नाही, कारण मी दिलगीर नव्हते. बढती त्यावर अडली ती अडलीच. उपअभियंता म्हणून निवृत्त झाले असं वर म्हणाले, ते यामुळं.

रस्ता उचलला, बोगदा झाला, बारा फूट उंच, कोरडा. आणि भिंतही झाली. तिच्याबद्दल मात्र मला वाईट वाटतं, ते वाटतच राहील. दुकानांपुढं रुंद जोडरस्ता मिळावा म्हणून मी पुष्कळ भांडले, पण मिळाला तो जेमतेम एक टेम्पो जाईल एवढा. अप्पांच्या मुलांनी वर्षभरात नवीन दुकान मोंढ्याच्या बाजारपेठेकडं नेलं. अप्पा जुन्या दुकानात गादीवर बसून राहिले. मी गेले की चहा मागवायचे आणि समोरच्या काँक्रीटकडं बघत म्हणायचे, "तुमची भित लई चांगली हाय म्याडम. आता दुकानात धूळ येत न्हाई. गिऱ्हाईक बी येत न्हाई." हसायचे. मला हसता यायचं नाही. दर सोमवारी ते बोगद्यातून पलीकडं काकूंच्या समाधीला बेल वाहायला जायचे, आणि परत येताना भिंतीवर कुणी पानाची पिचकारी मारली असेल तर त्याला रस्त्यात अडवून झापायचे. बोगदा जणू त्यांचा होता.

'लिंगायतांचा बोगदा' असं ज्यांनी त्याला नाव ठेवलं होतं, त्यांचा नवरदेव आता त्यातूनच घोड्यावर बसून जातो. कडब्याच्या गाड्या जातात, शाळेची बस जाते, मोहरमच्या सवाऱ्या जातात, जयंतीची मिरवणूक निळे झेंडे न उतरवता जाते. त्यांतले कुणी भेटले की मी विचारते, "आठ फूट असता तर?" चांगल्या माणसानं असं विचारू नये म्हणतात. मी विचारते.

अप्पा गेल्या वर्षी गेले. मुलांनी फोन केला तेव्हा मी निवृत्त होते, माझ्या हाताखाली ना हायड्रा होती ना लाल झेंड्या. गरजही नव्हती. मी विमानामागं चालत होते. त्यांच्या बंद दुकानावरून, त्या भिंतीच्या कडेकडेनं आम्ही बोगद्याच्या तोंडाशी आलो. पुढचे लोक सवयीनं थबकले आणि वर बघू लागले. मी म्हणाले, "चला पुढं. लागत नाही."

टाळांचा आवाज आत घुमायला लागला. पांढरी टोपी, भस्म, तळहातावर लिंग, आणि झेंडूच्या कमानीवर अजून हातभर मोकळी जागा. तेवढ्यात डोक्यावरून एक जड ट्रक गेला. चढाला इंजिन गुरगुरलं, ड्रायव्हरनं गिअर बदलला, आणि सवयीप्रमाणं मला एक शिवीही दिली असणार. देऊ दे. खाली महालिंगअप्पा मांडी घालून, ताठ बसून चालले होते.